देवमाशाचे कोणते छायाचित्र चांगले?

देवमासे दाखवणाऱ्या नौकांवरून काढलेल्या छायाचित्रांत एकाच दृश्याचे राज्य आहे. पाण्याबाहेर झेपावलेला हंपबॅक देवमासा, पसरलेले वल्ह्यासारखे लांब पर, भोवती तुषार. दिनदर्शिकांवर आणि शाळेच्या भिंतीवरही तेच. चित्र देखणे असते, यात वाद नाही. शिकवण्याचे साधन म्हणून मात्र ते मला फार दुबळे वाटते. प्राणी केवढा, हे कळायला शेजारी काही नसते. कोठे, केव्हा, हे छापलेले नसते. तो का झेपावला, यावर तज्ज्ञांचेही एकमत नाही. आणि मुलांची समजूत होते, की देवमासा दिवसभर उड्याच मारतो!

खोल बुडी मारताना हंपबॅक शेपटी उंच उचलतो. ‘गेला’ म्हणून पुष्कळ प्रवासी तेव्हाच कॅमेरा खाली करतात. वास्तविक शेपटीच्या खालच्या बाजूवरील काळ्यापांढऱ्या खुणा आणि तिची दंतुर कड प्रत्येक प्राण्यात वेगळी असते, आपल्या बोटांच्या ठशांसारखी. मागून काढलेले, काहीसे नीरस असे हे चित्र म्हणजे त्या प्राण्याचे ओळखपत्रच.

एक उदाहरण पाहू. ७ ऑगस्ट १९९९ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ संशोधकांनी एका मादीच्या शेपटीचे छायाचित्र घेतले. २१ सप्टेंबर २००१ रोजी मादागास्करजवळ, पर्यटकांच्या नौकेवरून, एका हौशी प्रवाशाने एक शेपटी टिपली. ते चित्र पुढे इंटरनेटवरील फ्लिकर या संग्रहात आले आणि अमेरिकेतील कॉलेज ऑफ द अटलांटिकच्या सूचीशी ताडून पाहता शेपटी त्याच मादीची निघाली! दोन ठिकाणांमधले अंतर किमान ९,८०० किलोमीटर. २०१० मध्ये ‘बायॉलॉजी लेटर्स’मध्ये हे प्रसिद्ध झाले, तेव्हा हंपबॅकच्या प्रवासाची ती सर्वांत लांब नोंद होती. दूर भटकतात ते नर, माद्या ठराविक प्रजननक्षेत्राला धरून राहतात, अशी त्यावेळची धारणा होती. तिला यामुळे धक्का बसला.

पण या पुराव्याचीही चिकित्सा करायला हवी. दोन चित्रांनी दोन बिंदू मिळाले, रेषा नाही. मधल्या दोन वर्षांत ती कोणत्या मार्गाने, का गेली, ते चित्रे सांगत नाहीत. एका मादीवरून साऱ्या माद्यांबद्दल नियमही बांधता येत नाही. वृत्तपत्रांतील मथळ्यांना एवढे भान क्वचितच असते. आणि प्रवाशाच्या चित्राला तारीख व ठिकाण नसते, तर एवढाही निष्कर्ष निघाला नसता.

झेपेच्या चित्राचा हव्यास निरुपद्रवीही नाही. ते मिळावे म्हणून प्रवासी नाखव्याला ‘अजून जवळ’ म्हणतात. अनेक देशांत सुमारे १०० मीटरचे अंतर राखण्याचा नियम आहे, तो याचसाठी. शेपटीच्या चित्राला लांब पल्ल्याचे भिंग आणि थोडा धीर पुरतो.

वर्गात हे सहज करून पाहता येईल. शेपट्यांची आठ-दहा चित्रे घ्यावीत. त्यांत एकाच प्राण्याची, वेगळ्या वर्षी काढलेली दोन असावीत. जोडी मुलांनी शोधावी, आणि ती कोणत्या खुणांवरून ठरवली, हे एकमेकांना पटवून द्यावे. प्रकाश आणि कोन बदलला की खुणा किती फसवतात, हेही त्यांना तेव्हाच दिसेल.