झिंक ऑक्साईडचे प्रकाशमान नॅनोकण : दीप आणि सौरघट या दुहेरी दाव्याची चिकित्सा

प्रस्तावना :
झिंक ऑक्साईडच्या नॅनोकणांवरील अनेक शोधनिबंधांचा समारोप एकाच विधानाने होतो : हे कण एलईडी दिवे व सौरघट या दोन्हींसाठी उपयुक्त आहेत. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील महाविद्यालयीन संशोधकाला हा पदार्थ सोयीचा वाटणे स्वाभाविक आहे. झिंक ॲसिटेट, अल्कली आणि साधी भट्टी एवढ्या सामग्रीत तो तयार होतो; प्रखर ऊन तर जिल्ह्यात मुबलक आहे. तथापि सदर विधान कितपत टिकते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दीपाचा दावा :
झिंक ऑक्साईडचे ऊर्जा-अंतर सुमारे ३.३७ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. त्याची एक्झिटॉन बंधन-ऊर्जा सुमारे ६० मिलिइलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे सामान्य तापमानाच्या औष्णिक ऊर्जेच्या दुपटीहून अधिक असल्याने प्रकाश-उत्सर्जनासाठी हा पदार्थ आकर्षक ठरतो. परंतु विश्वसनीय व टिकाऊ पी-प्रकारचा झिंक ऑक्साईड मिळवणे कठीण असल्याने निळ्या एलईडीचे क्षेत्र गॅलियम नायट्राईडने काबीज केले. त्या शोधास २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभले.

मग या कणांचा उपयोग फॉस्फर म्हणून होईल काय? प्रचलित पांढऱ्या एलईडीत सुमारे ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश फॉस्फरला उद्दीपित करतो. झिंक ऑक्साईड मात्र प्रामुख्याने सुमारे ३७० नॅनोमीटरखालील अतिनील किरणेच शोषतो. कण फार लहान झाल्यास ही मर्यादा आणखी खाली सरकते. म्हणजे प्रचलित निळ्या चिपवर तो जवळपास निरुपयोगी ठरतो. केवळ फोटोल्युमिनेसन्सचा आलेख जोडून दिव्याचा दावा करणे त्यामुळे अपुरे आहे.

सौरघटाचा दावा :
येथे मूलभूत विसंगती दिसते. हिरवा प्रकाश स्फटिकातील दोषांतून येतो. तो नेमक्या कोणत्या दोषातून येतो, याविषयी मतभेद आहेत. इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या थरात मात्र असेच दोष प्रभारांना अडकवतात. एका उपयोगाचा गुण हा दुसऱ्या उपयोगाचा दोष ठरतो. एकाच नमुन्यावरून दोन्ही दावे करणे म्हणूनच तर्काला धरून नाही.

अतिनील किरणांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करणारा थर सिलिकॉन घटावर देणे हा पर्याय सुसंगत आहे. पण भूपृष्ठावरील सौरऊर्जेत अतिनील भाग सुमारे पाच टक्क्यांच्या आसपासच असतो. क्वांटम कार्यक्षमता कमी असल्यास असा थर लाभाऐवजी हानीच करील.

निष्कर्ष :
या पदार्थावरील संशोधन निरर्थक आहे, असा याचा अर्थ नव्हे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. सी. डी. लोखंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी रासायनिक पद्धतींनी पातळ थरांवर केलेले कार्य अल्प साधनांतील संशोधनाचे सामर्थ्य दाखवते. अपेक्षा एवढीच की, संशोधकाने एक उपयोग निश्चित करावा, क्वांटम कार्यक्षमतेचा आकडा द्यावा आणि कालांतराने उत्सर्जनात होणारा बदल नोंदवावा. थर दिलेली व न दिलेली काच एकाच लहान सौर पॅनेलवर आलटून-पालटून ठेवून धाराशिवच्या उन्हात व धुळीत प्रवाह मोजण्यास मल्टिमीटर पुरतो. त्यातून आलेला नकारात्मक निष्कर्षही प्रसिद्धीस पात्र मानला पाहिजे. अन्यथा विद्यार्थ्यांचे परिश्रम एका ठरावीक वाक्यात संपतील.