गाठ, अर्बुद आणि कर्करोग

दिवाळी अंकात, चकली-करंजीच्या ताटाशेजारी, हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु सणासुदीला आपण ज्या शब्दांना उंबऱ्याबाहेर ठेवतो, तेच एखाद्या दिवशी डॉक्टरांच्या कागदावरून न विचारता घरात शिरतात. आणि त्या वेळी त्यांचा अर्थ लावण्याइतके कोणाचेच चित्त थाऱ्यावर नसते. तेव्हा मन प्रसन्न असतानाच या शब्दांची पारख केलेली बरी.

पहिला शब्द ‘गाठ’. हा आपल्या घरचा. लग्नगाठ, खूणगाठ, सुरगाठ, निरगाठ अशा गोतावळ्यात वाढलेला. हाताला जे लागते तेवढेच तो सांगतो, भलेबुरे काही सांगत नाही, हा त्याचा मोठा गुण. कातडीखालची चरबीची गाठही गाठच, पाण्याने भरलेलीही गाठच. उणीव एवढीच की, रक्ताच्या कर्करोगासारखा रोग त्याच्या कवेत मावत नाही. तेथे हाताला गाठ लागेलच असे नाही. ‘गाठ आहे, म्हणजे संपले’ हे जितके खोटे, तितकेच ‘गाठ नाही, म्हणजे काही नाही’ हेही खोटे.

दुसरा ‘अर्बुद’. हा जुना आणि भारदस्त. सुश्रुतसंहितेत त्याचे वर्णन गोल, स्थिर, खोल मुळाचे, सावकाश वाढणारे, न पिकणारे आणि फारसे न दुखणारे असे आहे. शेवटचे लक्षण वाचकांनी, विशेषतः भगिनींनी, ध्यानात ठेवावे. ‘दुखत तर नाही ना!’ म्हणून किती गाठी पदराआड राहतात! गंमत अशी की, भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त अर्बुद म्हणजे दहा कोटी, आणि एक घन सेंटिमीटर गाठीत दहा कोटी ते एक अब्ज पेशी असतात असा आजचा अंदाज आहे. हा निव्वळ योगायोग, पण शब्द शोभून दिसतो खरा. मात्र व्यवहारात तो कोणाच्या तोंडी नाही, आणि रुग्णाला न कळणारा शब्द कितीही शुद्ध असला तरी त्याच्या उपयोगाचा नाही.

तिसरा ‘कर्करोग’. हा मुळात ग्रीकांचा खेकडा. हिपोक्रेटिसच्या परंपरेतील वैद्यांनी या रोगाला खेकड्याचे नाव दिले, लॅटिनमध्ये त्याचे ‘कॅन्सर’ झाले, आणि आपण त्याला संस्कृत वस्त्र नेसवले. नाव चित्रमय आहे, आणि दोषही तोच. चित्राने भय वाढते. मग अग्रलेखांतून ‘भ्रष्टाचाराचा कर्करोग’ येतो, आणि खाटेवरच्या माणसाला वाटते, आपल्याला झाले आहे ते केवळ आजारपण नव्हे, काहीतरी पाप आहे. अमेरिकन लेखिका सुझन साँटॅग यांनी 1978 साली ‘इलनेस ॲज मेटाफर’ या पुस्तकात हीच तक्रार मांडली. त्या स्वतः या रोगातून गेल्या होत्या.

आमचा खरा आक्षेप विशेषणांवर आहे. परिभाषेत अर्बुदे ‘सौम्य’ आणि ‘मारक’. ‘मारक’ हे वर्णन नव्हे, तो निकाल झाला! शास्त्राला म्हणावयाचे आहे ते एवढेच की, या पेशी शेजारच्या भागात घुसतात आणि रक्तातून वा लसिकेतून दूर जाऊन तेथे नवे ठाण मांडू शकतात. वेळीच सापडलेले असे अनेक रोग बरे होतात. उलट ‘सौम्य’ हा शब्द नको तितका धीर देतो. कवटीच्या आत सौम्य गाठही मेंदूवर दाब आणते. ‘पसरणारी’ आणि ‘न पसरणारी’ हे साधे शब्द अधिक प्रामाणिक ठरतील.

पेशींची प्रत्येक जादा वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, हेही सांगावयास हवे. उतारवयात पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी बहुधा पेशी वाढूनच मोठी होते; तो कर्करोग नव्हे. गर्भाशयमुखाच्या पेशींचे रूप बदललेले आढळते, तेही कित्येकदा आपोआप पूर्ववत होते. आणि तसे न झाले तर कर्करोग होण्याआधीच उपाय करता येतो. पापानिकोलाऊ यांच्या नावाची पॅप चाचणी त्यासाठीच असते. बायॉप्सीला तर आपल्या बायकांनी केव्हाच उत्तम मराठी दिले आहे: ‘तुकडा तपासायला पाठवलाय.’ याहून स्पष्ट शब्द कोणत्या कोशात मिळणार?

आणि तरीही याच घरांतून रोगाचे नाव मात्र घेतले जात नाही. परळचे टाटा रुग्णालय 1941 साली सुरू झाले. पुढे ‘टाटाला नेलंय’ एवढ्यावरच मुंबईकर सारे समजू लागले. आडपडदा मायेपोटी असतो, हे मान्य. पण ज्याच्या देहात रोग आहे, त्यालाच शब्दाबाहेर ठेवले, तर उपचारांचा निर्णय तो कसा घेणार? त्याच्या हाती निदान तीन प्रश्न तरी द्यावेत: गाठ कशाची? पसरणारी की न पसरणारी? आणि पसरली असेल तर कोठवर? हे तिन्ही प्रश्न साध्या मराठीत विचारता येतात, आणि त्यांची उत्तरेही साध्या मराठीत मागण्याचा त्याला हक्क आहे.