एक यात्रा, दोन कथने : माल्कम एक्स आणि जलाल आले-अहमद यांची हजवर्णने

प्रस्तावना :
हज हा इस्लामच्या पाच स्तंभांपैकी एक होय. इहरामचे वस्त्र, काबाच्या ७ प्रदक्षिणा, सफा व मरवा या टेकड्यांमधील सई, अरफातचा मुक्काम हे विधी सर्व यात्रेकरूंना समान असतात. अनुभव मात्र समान नसतो. एप्रिल १९६४ मधील हजयात्रेत अमेरिकन कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स आणि इराणी लेखक जलाल आले-अहमद हे दोघेही सहभागी होते. एकाच यात्रेतून निर्माण झालेल्या या दोन आत्मपर कथनांचा तौलनिक विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

माल्कम एक्स : बंधुत्वाचा साक्षात्कार
मार्च १९६४ मध्ये 'नेशन ऑफ इस्लाम'शी संबंध तोडून माल्कम एक्स मक्केला गेले. अॅलेक्स हेली यांच्या सहकार्याने सिद्ध झालेले त्यांचे आत्मचरित्र १९६५ मध्ये, त्यांच्या हत्येनंतर प्रसिद्ध झाले. जेद्दा येथे त्यांच्या मुसलमान असण्याविषयीच शंका घेतली गेली. नमाजाची आसनेही त्यांना नव्याने शिकावी लागली. पुढे गौरवर्णीय मुसलमानांसोबत जेवताना व प्रार्थना करताना वंशभेदाविषयीची त्यांची पूर्वीची धारणा ढासळली. हे परिवर्तन प्रामाणिक आहे. तथापि हा अनुभव काही प्रमाणात राजकीय अतिथीचा होता, ही बाब दुर्लक्षून चालणार नाही. राजपुत्र फैसल यांच्या आदरातिथ्यामुळे सामान्य यात्रेकरूच्या वाट्याला येणारे अनेक कष्ट त्यांना सोसावे लागले नाहीत.

आले-अहमद : गर्दीतील काडी
धर्मगुरूच्या घरात जन्मलेले, तरुणपणी साम्यवादी पक्षात गेलेले व नंतर तेथूनही बाहेर पडलेले आले-अहमद दीर्घ काळानंतर श्रद्धेकडे वळू पाहत होते. त्यांची दैनंदिनी 'खसी दर मीकात' या नावाने १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली. 'खस' म्हणजे काडी. शीर्षकातच 'मी'चे क्षुद्रत्व सूचित झाले आहे. मात्र दैनंदिनीचा मोठा भाग अस्वच्छता, वाहतुकीची दैना आणि पवित्र स्थळी झालेले काँक्रीटचे बांधकाम यांवरील टीकेने व्यापलेला आहे. येथे यात्रेकरूपेक्षा समाजनिरीक्षक अधिक बोलतो.

कथनातील विसंगतीचे मूल्य :
दोन्ही लेखक मक्केला जाताना आपापले प्रश्न घेऊन गेले होते आणि बहुतांशी त्यांचीच उत्तरे घेऊन परतले, असा आक्षेप घेता येईल. परंतु दोन्ही कथनांत या आक्षेपाला छेद देणारे एकेक स्थळ आढळते. गर्दीत समान वर्णाचे लोक स्वाभाविकपणे एकत्र राहतात, हे बंधुत्वाचा पुरस्कार करणारे माल्कम एक्स नमूद करतात. त्यांच्या प्रतिपादनाला हे निरीक्षण सोयीचे नव्हते, तरीही त्यांनी ते वगळले नाही. दुसरीकडे, सर्वत्र दोष शोधणारा आले-अहमद यांचा निवेदक सईच्या वेळी लोटणाऱ्या जनसमुदायात स्वतःला हरवून बसतो. त्याची तटस्थता तेथे टिकत नाही. त्या समुदायात स्वत्व विरून जाणे त्याला मुक्तीइतकेच भयावहही वाटते. जो समुदाय माल्कम एक्स यांना नवे नाते देतो, तोच आले-अहमद यांना स्वतःच्या अस्तित्वाविषयी प्रश्न विचारावयास लावतो.

निष्कर्ष :
यात्रावर्णनाकडे एकतर भक्तीचा पुरावा म्हणून किंवा निव्वळ सामाजिक दस्तऐवज म्हणून पाहण्याची प्रवृत्ती समीक्षेत दिसते. या दोन्ही दृष्टी अपुऱ्या आहेत. पहिली दृष्टी माल्कम एक्स यांचे गैरसोयीचे निरीक्षण वगळेल, तर दुसरी आले-अहमद यांची व्याकुळता. लेखकाच्या अपेक्षेला न जुमानणारा अनुभव जेथे त्याने प्रामाणिकपणे नोंदविला आहे, तेथेच यात्रेचे आत्मकथन विश्वसनीय ठरते. अध्यापन करताना विद्यार्थ्यांचे लक्ष प्रथम अशाच स्थळांकडे वेधले जाणे आवश्यक आहे.