दोन मेंदूंचं जोडचित्र

मागच्या महिन्यात बहिणीनं व्हॉट्सॲपवर एक चित्र पाठवलं. शेजारी शेजारी दोन मेंदू. डावीकडचा लाल-पिवळा, दिवाळीच्या रोषणाईसारखा. उजवीकडचा निळसर, लोडशेडिंग झाल्यासारखा. खाली लिहिलेलं : नॉर्मल मेंदू, एडीएचडीचा मेंदू. पाठोपाठ मेसेज : “दादा, आपणही स्कॅन करून घ्यायचा का?”

भाचा आठ वर्षांचा आहे. वर्गात त्याचं बूड बाकावर टिकत नाही, प्रश्न पुरा व्हायच्या आत तो उत्तर देऊन मोकळा होतो, पाण्याची बाटली रोज कुठेतरी विसरतो.

मी लिहितो ती पुस्तकांची समीक्षा. पण या चित्रालाही कर्ता आहे, शैली आहे आणि गाळलेला मजकूर आहे. म्हणून तेही तसंच वाचायला घेतलं.

या जातीचं सगळ्यात गाजलेलं जोडचित्र १९९०चं. अमेरिकेत ॲलन झॅमेटकिन आणि सहकाऱ्यांनी पेट स्कॅनवर मेंदू किती ग्लुकोज वापरतो ते मोजलं. लहानपणापासून अतिचंचल असलेल्या २५ जणांमध्ये हा वापर सरासरी ८.१ टक्क्यांनी कमी भरला. फरक ८.१ टक्क्यांचा, पण डोळ्यांना दिसतो दिवस-रात्रीचा! कारण रंग मेंदूचे नसतातच, आकड्यांना ते संगणकावर दिले जातात. आणि ते २५ जण प्रौढ होते. त्यात एकही लहान मूल नव्हतं.

मुलांच्या बाबतीत मला जास्त प्रामाणिक वाटतो तो फिलिप शॉ यांच्या गटाचा २००७चा अभ्यास. एडीएचडी असलेली २२३ मुलं, नसलेली २२३. मेंदूच्या बाहेरच्या थराची जाडी कोणत्या वयात कळसाला पोचते, हे त्यांनी पाहिलं. एका गटात साधारण साडेसात वर्षं, एडीएचडीच्या गटात साडेदहा. लक्ष आणि आवर सांभाळणाऱ्या पुढच्या भागात हा उशीर सर्वाधिक होता. हालचालींचा भाग मात्र किंचित आधीच तयार झालेला. म्हणजे इंजिन सुरू, ब्रेक अजून यायचेत. जोडचित्र म्हणतं ‘बिघाड’, हा अभ्यास म्हणतो ‘उशीर’. आईच्या कानांना या दोन शब्दांत केवढं अंतर असतं!

तरीही ही सरासरीच. २०१७मध्ये ३,२४२ जणांचे स्कॅन एकत्र तपासले गेले. मेंदूच्या आतल्या काही भागांच्या आकारात फरक सापडला, पण इतका लहान की दोन्ही गट बहुतांशी एकमेकांवर पडतात. एकच मेंदू हातात दिला तर तो कुठल्या गटातला, हे त्यावरून सांगता येत नाही.

२०११ची एक स्पर्धा तर विनोदी कथेसारखी आहे. स्कॅनवरून एडीएचडी ओळखा, असं जगभरच्या संशोधकांना आव्हान होतं. सर्वाधिक अचूक ठरला कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाचा गट, सुमारे ६२.५ टक्के. त्यांनी अंदाज बांधला होता तो स्कॅन न वापरता : वय, लिंग, डावरेपणा आणि बुद्ध्यंक एवढ्यावर!

गाळलेला मजकूर याहून बोलका आहे. आवर मोजायला मुलाला एमआरआयच्या नळीत झोपवून खेळ देतात : अक्षर दिसलं की बटण दाबायचं, ठरावीक अक्षर आलं की थांबायचं. यंत्र खडखडत असतं, आणि डोकं जराही हलवायचं नाही. फार हललेल्या मुलांचे स्कॅन बाद होतात. म्हणजे सगळ्यात चुळबुळ्या मूल या चित्रात येतच नाही. माझा भाचा आला नसता.

हे सगळं बहिणीला सांगितलं. ती म्हणाली, “मग सासूबाईंना काय दाखवू?”

तेव्हा कळलं, तिला स्कॅन नकोच होता. ‘लाडानं बिघडवलास’ या वाक्याला उत्तर हवं होतं. रंगीत चित्र एका फटक्यात तिला निर्दोष ठरवणार होतं. पण खरं उत्तर चित्राबाहेर आहे : जुळ्यांवरचे अभ्यास यात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७४ टक्के सांगतात.

गेल्या आठवड्यात ते बालमानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. बाईंचं पत्र नेलं, घरातल्या नोंदींची वही नेली. डॉक्टर तासभर विचारत राहिले. स्कॅनचं नावही निघालं नाही. मग त्यांनी सासूबाईंना विचारलं, तुमचा मुलगा या वयात कसा होता?

त्या बराच वेळ बोलत होत्या म्हणे.