नकार देणारे पुत्र : रेणुकेची कथा आणि ‘जोगवा’

व्लादिमीर प्रॉप या रशियन अभ्यासकाने १९२८ साली शंभर अद्भुतकथा तपासून असे दाखवले की, कथेतील माणसे बदलली तरी त्यांची कार्ये बदलत नाहीत. अशी ३१ कार्ये आणि ती पार पाडणाऱ्या ७ भूमिका त्याने निश्चित केल्या : खलनायक, दाता, साहाय्यक, राजकन्या व तिचा पिता, पाठवणारा, नायक आणि तोतया नायक. पुढे चित्रपटांच्या अभ्यासातही ही चौकट वापरली गेली. आपल्या भागातील एका कथेला ती लावली असता काय हाती लागते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

बेळगाव कॅम्पमधील वाचकाला सौंदत्ती परकी नाही. आपल्याच जिल्ह्यातील त्या डोंगरावरची यल्लम्मा म्हणजे रेणुका. महाभारताच्या वनपर्वात तिची कथा येते. जलक्रीडा करणाऱ्या चित्ररथाला पाहून रेणुकेचे मन क्षणभर विचलित होते. जमदग्नी पुत्रांना मातृवधाची आज्ञा करतो. चार थोरले पुत्र ती पाळत नाहीत आणि शापाने पशुपक्ष्यांप्रमाणे जड होतात. परशुराम ती पाळतो, आणि मग वर मागून आईला व भावांना पूर्ववत करून घेतो.

येथे जमदग्नी एकाच वेळी पाठवणारा, हानी घडवणारा आणि वर देणारा दाता आहे. एका पात्राकडे अनेक भूमिका असू शकतात, हे प्रॉपला मान्यच आहे. परंतु त्याचा परिणाम असा होतो की, अन्याय करणाराच उपकारकर्ता ठरतो आणि खलनायकाचे स्वतंत्र पात्र उरतच नाही. नायकपद आज्ञाधारक परशुरामाला मिळते. आईवर शस्त्र न उचलणारे चौघे मात्र कथेच्या हिशेबात केवळ अपयशी ठरतात.

लोकपरंपरेने या चौघांना विसरू दिले नाही. तिच्यात शापाचे स्वरूप बदलते. नकार देणाऱ्या पुत्रांचे पुरुषत्व जाते, आणि साडी नेसणाऱ्या जोगत्यांची परंपरा त्यांच्याशी जोडली जाते.

राजीव पाटील दिग्दर्शित ‘जोगवा’ (२००९) हा चित्रपट नेमका येथे महत्त्वाचा ठरतो. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा हा त्याचा आधार आहे. केसांत जट आली म्हणून सुलीला देवीला सोडले जाते. तायप्पालाही साडी नेसवून जोगता केले जाते. पाठवणाऱ्याची भूमिका येथे कुटुंब आणि गाव मिळून पार पाडतात. जुन्या कथेप्रमाणेच येथेही खलनायकाला एक चेहरा नाही. मात्र नायकपद आज्ञाधारकाकडून काढून शापिताला दिले गेले आहे. परशुरामाची जागा रिकामी होते आणि नकार देणारा पुत्र कथेच्या मध्यभागी येतो. हे या चित्रपटाचे खरे यश होय. ५६ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सामाजिक विषयावरील सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याचा गौरव झाला. उपेंद्र लिमये सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरले.

तथापि, एक प्रश्न उरतो. प्रॉपच्या यादीत शेवटाकडे नायकाला नवे रूप मिळते आणि त्याचा विवाह होतो. ‘जोगवा’ही याच वळणावर विसावतो : तायप्पाची सुटका म्हणजे त्याला पुरुषपण परत मिळणे. ज्याच्यावर साडी लादली गेली, त्याच्यापुरते हे न्याय्यच आहे. पण ज्यांना तेच आपले खरे रूप वाटते, त्यांना या चौकटीत कोणती भूमिका? जोगती नृत्याच्या कलावंत मंजम्मा जोगती २०१९ मध्ये कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्षा झाल्या आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या आयुष्याची कथा सांगायची तर सुखान्ताची व्याख्याच बदलावी लागेल.

मुलींना देवाला सोडण्यास मुंबई प्रांतात १९३४ साली आणि कर्नाटकात १९८२ च्या कायद्याने बंदी आली. कायदा कृत्याला बंदी घालतो. ते कृत्य पुण्याचे वाटायला लावणारी कथा त्याच्या हाती लागत नाही. ते काम समीक्षेचे आहे. कथेत कोणती कार्ये आहेत हे मोजून थांबता येत नाही. नायकपद कोणाला मिळाले आणि ते कोणाला नाकारले गेले, हेही विचारावे लागते. रेणुकेच्या कथेत तो प्रश्न चार थोरल्या पुत्रांपासून सुरू होतो.