विनोद, अनौचित्य आणि बालपात्र

अभिनवगुप्ताने हास्याचे मूळ अनौचित्यातच पाहिले आहे. त्यामुळे बालपात्राच्या तोंडी ग्राम्य विनोद आला की औचित्यभंग झाला, एवढे म्हणून समीक्षेला थांबता येत नाही. अनौचित्य कोणाचे, हा खरा प्रश्न आहे.

रवी जाधव यांच्या 'बालक-पालक' (२०१३) या चित्रपटातील चाळीतली मुले लैंगिकतेविषयीचे कुतूहल शमविण्यासाठी चोरून अश्लील चित्रफीत पाहतात. हसू मुलांच्या अज्ञानाचे येते असे वरवर वाटते. वस्तुतः ते त्या अज्ञानाला कारण झालेल्या पालकांच्या मौनावर उलटते. म्हणून येथील ग्राम्यता अर्थपूर्ण ठरते. याउलट जेथे मुलाच्या तोंडचा द्व्यर्थी शब्द प्रौढ प्रेक्षकाला केवळ गुदगुल्या करतो, तेथे मूल पात्र न राहता साधन होते.

परंतु हा निकष संहितेपुरताच पुरेसा आहे. जयंत पवार यांच्या कथेवर आधारलेला महेश मांजरेकर यांचा 'नाय वरनभात लोन्चा कोन नाय कोन्चा' (२०२२) विनोदी नव्हे. तरी त्यातील अल्पवयीन पात्रांच्या दृश्यांवरून उठलेल्या वादाने एक भेद ठळक केला. कथेतील मूल शब्दांचे असते. पडद्यावरील पात्रामागे मात्र एक खरे मूल उभे असू शकते. आशय कितीही समर्थनीय असला, तरी त्या मुलाने काय उच्चारावे आणि काय करावे याचे उत्तर आशयातून मिळत नाही. विनोदालाही यातून सूट नाही. हास्याची दिशा योग्य असणे आवश्यक आहे, पुरेसे नाही.