वेताची वीण, सागाचा सांधा

ठाण्यात खुर्ची इंग्रजांच्या आधीची. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले तोवर इथे पोर्तुगीज होते, आणि ते खुर्चीवर बसणारे लोक. घरोघरी मात्र पाट, चौरंग, झोपाळा आणि लोड-तक्क्याची बैठक हीच रीत राहिली. खुर्ची आपल्यात रुजली ती कचेरी, शाळा आणि रेल्वेच्या वाटेने. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी ठाण्याला आली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले.

त्या शतकातली माझ्या मते सर्वांत उत्तम खुर्ची म्हणजे लांब हातांची आरामखुर्ची. हाताखालची फळी फिरवून पुढे काढायची आणि तिच्यावर पाय टाकायचे. मागे कललेली पाठ, सागाची चौकट, वेताची बैठक. कोकणपट्टीच्या दमट हवेत गादी घामाने चिकटते, वेतातून वारा खेळतो. साहेबाच्या व्हरांड्यासाठी घडली असली तरी ही खुर्ची इथल्या हवामानाला ओळखते.

मुंबईच्या शिसवी खुर्च्यांबद्दल मला तेवढे प्रेम नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून हे कोरीवकाम धनिक घरांच्या दिवाणखान्यात शिरले. पाने, वेली, पक्षी, एक बोटही जागा मोकळी नाही. कारागिराचा हात निःसंशय मोठा, पण टेकून बसावे तर नक्षी पाठीला टोचते. लग्नाच्या हॉलमधली सोनेरी महाराजा खुर्ची याच हौसेची वारस आहे, फक्त तिच्यात तो हात उरलेला नाही.

याउलट व्हिएन्नाच्या मिखाएल टोनेटची १८५९ ची चौदा क्रमांकाची खुर्ची पाहा. वाफेवर वाकवलेल्या लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या भागांच्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावत. त्याच घडणीच्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्यांवर इराणी हॉटेलांत मुंबईच्या पिढ्या चहा प्यायल्या.

जुनेपणा ओळखणे भल्याभल्यांना जमलेले नाही. इंग्लंडमध्ये लेखक आणि संग्राहक होरेस वॉलपोलने आबनुसी खुर्च्या ट्यूडर काळातल्या समजून जमवल्या, त्या निघाल्या कोरोमंडल किनाऱ्यावर सतराव्या शतकात कोरलेल्या. म्हणून खुर्ची आधी उलटी करून पाहावी. हाताने विणलेल्या बैठकीच्या चौकटीला ओळीने भोके असतात. त्यांतून वेताची पट्टी उभी दोनदा, आडवी दोनदा, तिरपी दोन्ही दिशांनी अशी सहा वेळा फिरते, तेव्हा ती अष्टकोनी जाळी उमटते. तयार जाळीच्या तुकड्याला भोके लागत नाहीत. तो खोबणीत दाबून बसवला जातो.

आज आपल्या भागात नेमकी ही सहा फेऱ्यांची वीण मागे पडते आहे, आणि याचेच मला सर्वाधिक वाईट वाटते. फाळणीनंतर कल्याणजवळच्या निर्वासित छावण्यांतून १९४९ मध्ये उल्हासनगर उभे राहिले. तिथल्या फर्निचर बाजाराने कल्याण-डोंबिवलीच्या कितीतरी घरांना परवडणारे सामान दिले, हे श्रेय मोठे आहे. पण लहान फ्लॅट, कपड्याचा सोफा आणि प्लॅस्टिकची खुर्ची यांच्या गर्दीत जुनी खुर्ची आली तर ती जाड गडद पॉलिश चढवून, वेत काढून, फोम भरून. वजन वाढते, हवा थांबते. खाचेत घट्ट बसवलेला सांधा सैल झाला की त्यात खिळे ठोकतात, आणि खिळ्याने लाकूड फाटते. अशी दुरुस्ती म्हणजे खुर्चीची मोडतोड, हे मी स्पष्टच म्हणतो.

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षे ही मर्यादा आहे. म्हणजे १९२५ आधीच्या कितीतरी साध्या, बिनकोरीव खुर्च्या तो उंबरा ओलांडून बसल्या आहेत आणि भंगाराच्या भावाने जाऊ शकतात. चंडीगडला वास्तुकार पिएर जानरेच्या खुर्च्या अशाच कचेऱ्यांतून भंगारात गेल्या आणि परदेशी लिलावांत मोठ्या किमतीला विकल्या गेल्या. इथे तसे होऊ नये. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. अशा शतकापार संस्थांनी पुस्तकांप्रमाणे फर्निचरचीही नोंदवही ठेवावी: लाकूड कोणते, सांधा कसला, वेत हाताचा की तयार, शेवटची दुरुस्ती कधी. आणि वेत विणणाऱ्या कारागिराला वर्षातून एकदा तरी बोलावून त्याच्या हाताशी एक शिकाऊ मुलगा किंवा मुलगी बसवावी.